फादर स्टीफन्सचे पुराण

महाप्याच्या पश्चिमेला खाडी ओलांडली की लागते ती साष्टी ठाण्या-मुंबईची. आज सांगणार आहे ती साष्टी दुसरी, गोव्यातली, मडगाव-रायतूरकडची. तिथल्या एका चर्चमध्ये सुमारे चारशे वर्षांपूर्वी रविवारी मुलांना ख्रिस्ती धर्माचे पाठ देत. प्रार्थना, दहा आज्ञा, श्रद्धेची कलमे, सगळे घोकून. एकदा पाठ संपल्यावर नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण गुरूंना म्हणाला : हे चांगलेच आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही?

ते गुरू म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स, आणि प्रसंग त्यांनीच आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी सांगितला आहे. प्रश्न साधा वाटतो खरा, पण त्यामागे बरेच काही होते. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली होती. पोथ्यांवर बंदी होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारले होते. अशा मुलखात घराघरांतली कथा-कीर्तने थांबली, आणि मुलांच्या हाती उरली नुसती प्रश्नोत्तरे. पाठ करून माणूस परीक्षेला बसेल हो, पण संध्याकाळी ओसरीवर बसून गाईल काय?

स्टीफन्स मूळचे इंग्लंडातल्या विल्टशायरचे. जन्म १५४९ चा. १५७९ मध्ये ते गोव्यात उतरले. त्यांनी मराठी कमावली आणि ओवीत ग्रंथ रचला. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र; मिळून सुमारे ११,००० ओव्या. स्वर्गाला ते खुशाल ‘वैकुंठ’ म्हणतात. धर्मशास्त्रातली अवघड तत्त्वे त्यांनी कथेच्या ओघात बसवली. ट्रेंटच्या धर्मसभेनंतर कॅथलिक चर्चचा सारा भर नेमक्या शब्दांवर होता, हे लक्षात घेतले म्हणजे हे धाडस केवढे ते कळते.

शिक्षकमित्रांनी त्यांची गद्य प्रस्तावना जरूर पाहावी. शुद्ध मराठी सामान्य लोकांना समजत नाही, म्हणून जुन्या कवींचे पुष्कळ शब्द सोडून सोपी ब्राह्मणांची बोली, म्हणजे आपण जिला कोकणी म्हणतो ती, मिसळली, असे ते सांगतात. ऐकणारा कोण, याचा एवढा विचार आपल्या पाठ्यपुस्तकांत तरी सदैव होतो का?

ग्रंथ १६१६ मध्ये रायतूरला छापला, तोही रोमन लिपीत. देशी अक्षरांचे खिळे पाडावेत अशी स्टीफन्स यांची फार इच्छा होती. पण जोडाक्षरांमुळे साचे शेकड्यांनी लागणार, तेव्हा ते राहूनच गेले. १६१९ मध्ये ते वारले. मुलांसाठी गुरु-शिष्य संवादाच्या रूपात लिहिलेले त्यांचे कोकणी ‘दौत्रिन क्रिस्तां’ त्यानंतर, १६२२ मध्ये निघाले.

पुढे वारे फिरले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला, की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे आणि पाद्र्यांनी व पंतोजींनी शिकवणेही त्याच भाषेत करावे. म्हणजे स्टीफन्स यांनी बांधलेला पूलच काढून घेतला म्हणायचा! १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज मिळत नाही. ओव्या मात्र हस्तलिखितांतून टिकल्या. त्यांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्दान्हा यांनी ग्रंथ पुन्हा छापला, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून तो देवनागरीत आणला.