लोणंदचा तळ

गावाचा वारसा म्हटला की आपण देवळाचा कळस, वाड्याची कमान, नदीचा घाट शोधू लागतो. इंग्लंडातील विंचेस्टरसारख्या काउंटीच्या नगरात कॅथीड्रल आणि मध्ययुगीन सभागृह दोन्ही दगडात उभी आहेत. धर्माची जागा कोणती व कारभाराची कोणती, हे तेथे बोटाने दाखवता येते. आपल्याकडे वाईला ढोल्या गणपती आणि प्राज्ञपाठशाळा आहे. फलटणला नाईक-निंबाळकरांचा राजवाडा आणि महानुभावांनी जपलेली चक्रपाणींची स्थाने आहेत. लोणंदला काय? कांद्याचा बाजार आणि रेल्वे स्थानक, असे उत्तर सहसा मिळते. ते आम्हांला अपुरे वाटते.

नीरेत पादुकांना स्नान घालून ज्ञानेश्वरमाउलींची पालखी सातारा जिल्ह्यात प्रवेशते आणि लोणंदला तळ पडतो. तिथींच्या वृद्धिक्षयाप्रमाणे हा मुक्काम लांबतो वा आखडतो. जुनी माणसे 'अडीच दिवसांचा' म्हणतात. सोहळ्याचे आजचे रूप हैबतरावबाबा आरफळकरांनी घडविले. त्याचा आरंभ १८३२ च्या सुमाराचा मानतात. बाबा शिंद्यांच्या पदरचे सरदार, आणि त्यांचे आरफळ याच जिल्ह्यातले. अंकलीच्या शितोळ्यांचे अश्व, चोपदार, नगारा, दिंड्यांचे ठरलेले क्रमांक, आणि 'तळ' हा शब्दही! भक्तीच्या या व्यवहाराला छावणीची भाषा लाभली आहे, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानी घ्यावे.

या तळावरील समाजआरती आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळांचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सारे शांत होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ थांबवीत नाही. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात. हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा होतो, दुसऱ्या दिवसाच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते, आणि मगच आरती. ही पूजा म्हणावी की सभा? लोणंदचे सभागृह आम्हांला येथे दिसते; त्याला भिंती नाहीत एवढेच.

अर्थात या सभेत सारे सारखेच उभे होते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा यांच्या वेगळ्या पंगतींची बोच नोंदविली आहे. दि. बा. मोकाशींच्या 'पालखी'सोबत (१९६४) तो लेख वर्गात वाचावयास दिला, तर 'वारी म्हणजे समता' हे उत्तरपत्रिकेतले वाक्य इतक्या सहजी लिहिले जाणार नाही. तक्रारीसाठी टाळ वाजवण्याचा अधिकार दिंडीला होता. त्या दिंडीच्याच पंक्तीत दूर बसविलेल्याने कोणते टाळ वाजवावेत?

लोणंदहून पालखी तरडगावकडे निघते. वाटेत चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते. मागे उरलेला तळ झाडून घेण्याचे काम गावाच्या वाट्याला येते.