व्यारावाला, होमाई
(९ डिसेंबर १९१३–१५ जानेवारी २०१२). भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून प्रसिद्ध. जन्म नवसारी (गुजरात) येथे पारशी कुटुंबात. वडील फिरत्या नाटक मंडळीत नट होते. मुंबईत सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण. माणेकशा व्यारावाला यांच्याकडून त्या छायाचित्रण शिकल्या. पुढे त्यांच्याशीच विवाह झाला.

कलाशाळेतील मैत्रिणी, तसेच दुसऱ्या महायुद्धकाळातील मुंबईचे नागरी जीवन हे त्यांच्या आरंभीच्या छायाचित्रांचे विषय होत. ही छायाचित्रे प्रथम माणेकशांच्या नावाने प्रसिद्ध होत. १९४२ मध्ये त्या दिल्लीस गेल्या. फाळणीच्या प्रश्नावरील काँग्रेस नेत्यांचे मतदान (१९४७), लाल किल्ल्यावरील ध्वजारोहण आणि महात्मा गांधींची अंत्ययात्रा (१९४८) ही त्यांनी टिपली. १९७० मध्ये त्यांनी हा व्यवसाय सोडला.

या छायाचित्रांमागील हकीकती त्यांनी उतारवयात मुलाखतींतून सांगितल्या. ‘डालडा १३’ हे त्यांचे टोपणनाव मोटारीच्या ‘डीएलडी १३’ या क्रमांकावरून आले. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या प्रार्थनासभेस निघाल्या असता त्यांना परत बोलावण्यात आले. त्या दिवशी आपण तेथे नव्हतो, याची खंत त्यांना अखेरपर्यंत राहिली. सबीना गडीहोक यांच्या ग्रंथात (२००६) त्यांचे जीवन व कार्य नोंदविलेले आहे. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला.

छायाचित्र प्रसंग दाखविते. तो कोणी व कोणत्या परिस्थितीत टिपला, हे त्यातून कळत नाही. होमाईंच्या कथनामुळे परनावाखाली गेलेले त्यांचे कर्तृत्व उजेडात आले. वडोदरा येथे त्यांचे निधन झाले.