पडकई ते माळीण : भीमाशंकरच्या उतारांचा इतिहास

पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्याला उत्तरेकडून आंबेगाव तालुका लागतो आणि या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग भीमाशंकरच्या डोंगररांगांनी व्यापलेला आहे. या मुलखात महादेव कोळी समाजाने तीव्र उतारांवर भातशेती उभी केली ती पडकईच्या प्रथेतून. उन्हाळ्यात शेतीची कामे थांबली की गावातील कुटुंबे आळीपाळीने एकमेकांच्या पडीक जमिनीवर राबत आणि कष्टाची फेड मजुरीने नव्हे, तर कष्टानेच होई. पहारीने उकरलेले दगड उताराच्या खालच्या अंगाला रचून ताल, म्हणजे दगडी बांध, घातला जाई आणि त्याच्या मागे माती ओढून खाचर तयार केले जाई. हे काम अत्यंत संथ चाले. पण त्यामुळे एका वेळी डोंगराचा लहानसाच तुकडा हलवला जाई आणि रचलेल्या दगडांच्या फटींतून पावसाचे पाणी वाट काढत असे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

घोड नदीवरील डिंभे धरणात खोऱ्यातील शेतजमीन बुडाल्यावर वरच्या उतारांवरील भिस्त वाढली. या भागात काम करणाऱ्या कुसुम कर्णिक व आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेला 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला, त्या कामात पडकईलाही स्थान होते. पुढे सरकारी योजनेतून याच नावाने सपाटीकरण होऊ लागले, तेव्हा पहारीच्या जागी उत्खनन यंत्रे आली.

30 जुलै 2014 च्या सकाळी मुसळधार पावसात आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि 151 जणांचा मृत्यू झाला. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गावाच्या जागी चिखल दिसला, तेव्हा ही बातमी बाहेर पोहोचली. यंत्राने केलेले सपाटीकरण याला कितपत कारणीभूत होते, यावर त्यानंतर मोठा वाद झाला. अशा दरडींची भौतिक प्रक्रिया मात्र सारखीच असते : बेसॉल्ट खडकावर झिजून तयार झालेल्या मुरूम-मातीच्या थरात पाणी साचले की कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, घर्षण कमी होते आणि थर सुटतो.

हिमप्रपाताचे शास्त्रही उतार व थर यांवरच उभे आहे. स्वित्झर्लंडमधील दावोस येथे 1936 पासून आणि भारतात 1969 मध्ये मनाली येथे स्थापन झालेल्या लष्करी संशोधन संस्थेत बर्फाच्या थरांचा अभ्यास होत आला. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर, दुर्बळ थरावर साचलेला बर्फ एका स्कीपटूच्या वजनानेही सुटू शकतो. म्हणून स्कीपटू उताराचा कोन मोजतो, बर्फ खणून थर पाहतो, धोक्याचा उतार साथीदारांसह एकेकाने ओलांडतो आणि शंका आली तर मागे फिरतो. डोंगराच्या कुशीतील शेतकऱ्याला परत फिरण्याची ही मुभा नसते, कारण त्याचे घर आणि खाचर उतारावरच असते. त्यामुळे उताराची पारख करण्याची जबाबदारी त्याच्या एकट्यावर टाकणे अन्यायाचे आहे; ती शासनाने उचलायला हवी.

ती पुरती उचलली गेली नाही. आमडे येथील माळीणचे पुनर्वसन 2 एप्रिल 2017 रोजी लोकार्पित झाले, पण पहिल्याच पावसात तेथील रस्ते व भराव खचले. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.