हिस्टॉलॉजी ऑफ द डिफरंट क्लासेस ऑफ युटेराइन ट्यूमर्स

वांगेची मुटू यांची मिश्रमाध्यमातील कोलाज-चित्रमाला (२००४–०६). शीर्षकाचा अर्थ ‘गर्भाशयातील अर्बुदांच्या निरनिराळ्या प्रकारांचे ऊतिविज्ञान’. संचात १२ चित्रे. मुटू यांचा जन्म नैरोबीचा (१९७२). शिक्षण न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये आणि पुढे येल विद्यापीठात. येलमधील त्यांची पदवी (२०००) चित्रकलेची नसून शिल्पकलेची.

या चित्रांना कोरा कागद नाही. स्त्रीरोगांवरील जुन्या वैद्यकीय ग्रंथांतील छापील आकृत्या हाच त्यांचा पाया. त्यांवर मासिकांतून कापलेले डोळे आणि ओठ, शाई, फर, चमकी यांनी चेहरे बसवले आहेत. छापील अवयव झाकून टाकलेला नाही. तोच चेहऱ्याचा भाग होतो. डॉक्टरच्या नजरेसाठी काढलेली आकृती अशी उलट पाहणाऱ्याकडेच रोखून पाहू लागते, आणि मालेचे खरे बळ या उलटफेरात आहे. चित्रांची नावेही रोगांचीच आहेत : ‘युटेराइन कॅटर्‍ह’, ‘एक्टोपिक प्रेग्नन्सी’. एखाद्या चेहऱ्यासमोर ही नावे वाचताना प्रेक्षक अवघडतो. कात्रणे फॅशनच्या मासिकांतली आहेत, तशी अश्लील आणि ‘नॅशनल जिऑग्राफिक’सारख्या नियतकालिकांतलीही, स्त्रीदेहाचे प्रदर्शन मांडणारे हे तीन बाजार एकाच गालावर भेटतात.

आफ्रिकी स्त्रीच्या देहाकडे नमुना म्हणून पाहण्याचा इतिहास या मालेच्या मागे उभा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सारा बार्टमन हिचे लंडनमध्ये १८१० पासून प्रदर्शन झाले. १८१५ मध्ये पॅरिसमध्ये ती मरण पावल्यावर क्युव्हिए या शास्त्रज्ञाने तिचे शवविच्छेदन केले. तिचे अवशेष मायदेशी परतले ते २००२ मध्ये.

मुटू यांची तुलना बहुधा बर्लिनच्या दादापंथी हाना ह्योख हिच्याशी होते. ह्योखने १९२० च्या दशकात युरोपीय स्त्रियांच्या छायाचित्रांना आफ्रिकी मुखवट्यांचे तुकडे जोडले. तंत्र तेच, पण ह्योखपाशी आफ्रिका वस्तुसंग्रहालयातून आलेली होती. मुटू यांच्या चित्रांत आफ्रिकी स्त्री स्वतः कात्री चालवते.

त्यांची मोठ्या आकाराची कोलाजे मायलर या गुळगुळीत प्लॅस्टिक पटलावर आहेत. त्यात शाई मुरत नाही, साचून राहते, आणि वाळल्यावर त्वचेवरच्या चट्ट्यांसारखी दिसते. अलीकडे त्या ब्राँझकडे वळल्या : न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीतील, १९०२ पासून रिकाम्या असलेल्या कोनाड्यांत २०१९ मध्ये त्यांच्या चार आसनस्थ स्त्रिया बसल्या.