केडगावचे कृपासदन

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी तिथे उभारलेल्या मुक्तिसदनात अनाथ मुली, विधवा, अंध स्त्रिया यांच्यासाठी जशी सोय होती तसा एक वेगळा विभागही होता. समाजाने ज्यांना ‘पतित’ ठरवून दाराबाहेर काढले अशा स्त्रियांसाठी असलेल्या या विभागाचे नाव कृपासदन. रमाबाईंच्या चरित्रात विधवांसाठी काढलेल्या शारदासदनाची चर्चा भरपूर होते, मुक्तिसदनाचीही होते. कृपासदनाचा उल्लेख मात्र एखाद्या ओळीत उरकला जातो. माझ्या मते ख्रिस्ती धर्मातला सर्वांत जुना वाद, म्हणजे माणूस नियमशास्त्र पाळून तरतो की देवाच्या कृपेने, हा वाद महाराष्ट्राच्या मातीत समजून घ्यायचा असेल तर याच विभागापासून सुरुवात करायला हवी. रमाबाई एका धर्मातून दुसऱ्या धर्मात गेल्या, एवढ्याने त्यांच्या प्रवासाचा उलगडा होत नाही. पात्रता सिद्ध केल्याशिवाय कोणाला जवळ न करणारी व्यवस्था त्यांनी आधी शास्त्रांत पाहिली, मग तीच चर्चमध्येही पाहिली, आणि दोन्ही ठिकाणी तिला सारख्याच ताठपणे नकार दिला.

हा वाद ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पिढीतलाच आहे. येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते. पुढे यहुदी नसलेले लोक येऊ लागले तेव्हा त्यांनी सुंता करून घ्यावी का, मोशेचे नियम पाळावेत का, असा प्रश्न उभा राहिला आणि त्याचा निवाडा करायला इ.स. ५०च्या सुमारास यरुशलेमेत ज्येष्ठांना जमावे लागले. मराठी वाचकाला मात्र त्या सभेपेक्षा अंत्युखियातली घटना लवकर उमगेल. तिथे येशूचा शिष्य पेत्र यहुदी नसलेल्यांच्या पंगतीला बसत असे. यरुशलेमेहून काही कर्मठ मंडळी आल्यावर तो त्या पंगतीतून उठला, आणि प्रेषित पौलाने त्याला सर्वांदेखत जाब विचारला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने ही हकिकत स्वतः सांगितली आहे. त्याचा मुद्दा सरळ होता. देवाने ज्याला अट न घालता स्वीकारले त्याच्याबरोबर जेवायला तुम्ही अट घालत असाल, तर ती कृपा तुम्ही नाकारली आहे. म्हणजे कृपेचा सिद्धांत पहिल्यांदा कसाला लागला तो पंक्तिभेदावर.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले, ही त्या काळी मोठ्या धैर्याची गोष्ट होती. तरीही आचाराच्या बाबतीत हे कुटुंब अत्यंत काटेकोर होते. तीर्थयात्रा, व्रते, उपास, ब्राह्मणांना दाने यांत जवळचे होते नव्हते ते सारे संपले आणि १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाईंनी पुढे या दिवसांविषयी लिहिले त्यात दुःखाइतकीच एक हिशेबी नजर आहे: शास्त्राने सांगितलेले सगळे केले, काही बाकी ठेवले नाही, आणि हाती काय आले? १८७८मध्ये कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. स्त्रियांना त्यांची कर्तव्ये सांगावीत म्हणून रमाबाईंना धर्मशास्त्रे वाचायला सांगण्यात आले. त्या वाचनाचा निष्कर्ष त्यांनी १९०७च्या आपल्या आत्मनिवेदनात नोंदवला आहे. शेकडो बाबतींत या ग्रंथांचे एकमेकांशी पटत नाही, पण स्त्रीचा स्वभाव वाईट आणि स्त्रीला व शूद्राला आपापल्या पायांवर मोक्ष नाही, यावर त्यांचे एकमत आहे, असे त्यांना दिसले. नियम मोडल्यामुळे त्या बाहेर पडल्या नव्हत्या. सगळे नियम पाळूनही आपण जन्मानेच अपात्र आहोत, हे त्यांना वाचनातून कळले होते.

१८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाकडे राहिल्या. या भगिनींच्या लंडनमधील फुलहॅम शाखेत त्यांनी ज्या स्त्रिया पाहिल्या त्यांनी त्यांच्या विचाराला वळण दिले. एकेकाळी बदनाम ठरलेल्या या बायका आता आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या. रमाबाईंना मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातली ती शिक्षा आठवली, जिथे पतीला ओलांडून जाणाऱ्या स्त्रीला राजाने भर वस्तीत कुत्र्यांकडून खाववावे असे सांगितले आहे. इथे वेगळे काय आहे, असे त्यांनी एका भगिनीला विचारले, तेव्हा तिने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या त्या बाईशी येशू विहिरीजवळ बोलतो आणि तिच्या पूर्वायुष्याची आधी निरवानिरव करून घेत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मनुस्मृतीतली शिक्षा आणि शुभवर्तमानातली करुणा शेजारी ठेवणे हा न्याय झाला का? बायबलमधल्या लेवीयच्या पुस्तकातही व्यभिचाराला मृत्युदंडच आहे. हे खरे आहे, आणि म्हणूनच ही तुलना हिंदू विरुद्ध ख्रिस्ती अशी मांडता येत नाही. योहानाच्याच शुभवर्तमानात व्यभिचारी स्त्रीला दगडमार करायला आणणारे लोक मोशेच्या नियमशास्त्राचाच आधार घेतात. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या पोटातच हे दोन पक्ष समोरासमोर उभे आहेत. रमाबाई पोचल्या तेव्हाच्या इंग्लंडकडे पाहिले तरी हेच दिसते. लष्करी छावण्यांच्या गावांत संशयित स्त्रियांची सक्तीने वैद्यकीय तपासणी करणारे १८६०च्या दशकातले कायदे १८८३मध्ये स्थगित झाले खरे, पण रद्द व्हायला १८८६ उजाडले. भगिनींच्या सुधारगृहांतही बहुधा दोन वर्षांची मुदत, धुलाईचे काम आणि कडक शिस्त असे. नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना तर ख्रिस्ती कायद्याचा फटका थेट मुंबईतच बसला. नवऱ्याने, दादाजीने, त्यांच्यावर दावा लावला तो वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा. ही कल्पना मुळात इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेली, आणि न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५मध्ये तो दावा फेटाळताना हिंदू धर्मशास्त्रात तिला आधार नसल्याचे दाखवले होते. तरी १८८७मध्ये नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा असा निकाल झालाच. त्यावर रमाबाईंनी इंग्रज सरकारवर जी टीका केली ती ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या त्यांच्या पुस्तकात वाचायला मिळते. बाप्तिस्मा घेतल्याने ख्रिस्ती राज्याविषयीचा त्यांचा राग सौम्य झाला नव्हता.

चर्चविषयीचाही झाला नव्हता. १८८४-८५ या काळात चेल्टनहॅमला असताना वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार १९७७मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. मराठी माणसाने लिहिलेल्या धर्मविषयक कागदांत मी तो फार वर ठेवतो. आपण पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही हे बिशपांनी का ठरवावे, असे त्या विचारतात. जो अमुक मानत नाही त्याचा नाश होईल असे सांगणारा मतांगिकार त्या उच्चारायला तयार नाहीत. त्यांचा शाकाहार ही जातीच्या अभिमानाची खूण आहे असे जेराल्डिनना वाटते, आणि रमाबाई तो सोडत नाहीत. भटांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली ती दुसऱ्या पुरोहितांच्या जोखडात घालण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या उत्तरांचा आशय आहे. त्यांच्या गुरुभगिनींना हा अहंकार वाटला. मला तो पौलाने पेत्राला विचारलेला जाब वाटतो. या पत्रांतल्या रमाबाई कृपेबद्दल फारसे बोलत नाहीत. मुख्यतः विवेकाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलतात, हे मान्य केले पाहिजे. कृपेचा अनुभव त्यांनी स्वतः बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास नोंदवला आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या म्हणतात. म्हणजे तोवरचे आपले ख्रिस्तीपणही हळूहळू चांगले होऊन पात्र ठरण्याचाच एक मार्ग होता, ही त्यांची कबुली आहे.

दुसरा आक्षेप मराठी वाचकाच्या ओठांवर असेलच. कृपा शोधायला वाँटेजला कशाला जायला हवे? ज्ञानेश्वरांपासून तुकारामांपर्यंतची सारी वाणी कृपेनेच भिजलेली आहे. कवी नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले, तरी आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत राहिले. रमाबाईंचे वडील भागवताची पारायणे करीत आणि त्या स्वतः पुराण सांगत हिंडल्या होत्या, तेव्हा भक्ती त्यांना अपरिचित नव्हती. माझे उत्तर असे की अभंगात कृपा होती, पण देवळाच्या उंबऱ्यावर नियम होता. चोखामेळ्याची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर आहे, मंदिरात नाही. आणि अस्पृश्यांना विठ्ठलाचे दार उघडले ते १९४७मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. चर्चनेही या बाबतीत मान वर करावी असे नाही. गोव्यातल्या चर्चमध्ये जातवार बंधुसंघ शतकानुशतके चालले. कृपेची वाणी कोणत्या परंपरेत अधिक सुंदर, हा प्रश्न म्हणूनच मला गौण वाटतो. कोणाला आत घेतले, हे पाहिले पाहिजे.

त्या कसोटीवर केडगाव काय सांगते? १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळानंतर सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना अशी कामे तिथे चालत. जात पाहून किंवा चारित्र्याचा दाखला मागून कोणाला परत पाठवले जात नव्हते. मोठ्या वयाच्या, देहविक्रयात ढकलल्या गेलेल्या किंवा घरच्यांनी टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते, आणि हे फुलहॅमचेच बीज होते. या ठिकाणी घंटा होती, शिस्त होती, प्रार्थनेच्या वेळा होत्या. मग हे नियमशास्त्र नव्हे काय? दोन हजार माणसांचे घर शिस्तीशिवाय चालत नाही, हे उघड आहे. फरक क्रमाचा आहे. सुधारशील तर घरात घेऊ, असे नियमशास्त्र म्हणते. केडगावात घरात आधी घेतले जाई आणि सुधारणेचा प्रश्न नंतर येई.

यापेक्षा कठीण आक्षेप धर्मांतराचा आहे. १८९३मध्ये शारदासदनातल्या मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो म्हणून रानडे, भांडारकर यांच्यासारख्या स्नेह्यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि ‘केसरी’ने रमाबाईंवर तिखट टीका केली. मुक्तिसदन तर उघडपणे ख्रिस्ती होते. उपाशी पोटी आणलेल्या दहा वर्षांच्या मुलीने जिच्या हातचे अन्न खाल्ले तिचा धर्म स्वीकारला, तर ती निवड मोकळी म्हणायची का? मला तसे म्हणवत नाही. कृपा विनाअट असेल तर भाकरीच्या बदल्यात कशाचीच अपेक्षा नसावी, आणि जिच्यावर आपले सारे आयुष्य अवलंबून आहे तिची अपेक्षा मूल न सांगताही ओळखते. रमाबाईंच्या कार्यावरची ही टीका टिकते. पण टीकाकारांपैकी फार थोड्यांनी त्याच दुष्काळात त्याच मुलींसाठी दार उघडले होते, हेही तितकेच टिकते.

कृपेने सैलपणा येतो, हा शेवटचा आक्षेप पौलाच्या काळापासूनचा आहे. क्षमा आधीच मिळणार असेल तर नीट वागावे कशाला, हा प्रश्न रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच उपस्थित करतो. याचे उत्तर तर्काने द्यावे लागत नाही, कारण केडगावच्या बायकांनी ते कामाने दिले. नव्या आलेल्या आजारी, हट्टी, घाबरलेल्या मुलींना सांभाळण्याचे काम आधी आलेल्या मुलीच करीत. हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळे तिथल्याच स्त्रियांनी जुळवले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या आणि ते बायबल १९२४मध्ये बाहेर पडले. केडगावचा इतिहास यापुढे कोणी लिहिणार असेल, तर किती मुली ख्रिस्ती झाल्या या आकड्यावरून वाद घालण्याआधी त्याने कृपासदनात यायला काय अट होती ते शोधावे, आणि त्या वेळच्या महाराष्ट्रातल्या देवळांना, मशिदींना, चर्चना, सुधारकांच्या सभांना हाच प्रश्न विचारावा.