जयपूरच्या बाजारातील एक दुपार

मुरलीपुऱ्यात बिऱ्हाड असलेल्या मराठी माणसाकडे देशाकडून पाहुणे आले, म्हणजे त्यांस चांदपोल दरवाजाच्या आत नेऊन जुना बाजार दाखविणे हे ओघानेच येते. मोरोक्कोतील फेज शहराच्या जुन्या बाजारपेठेत गल्लीतून गल्ली फुटत जाते आणि नवखा मनुष्य हटकून वाट चुकतो. येथे तशी भीती नाही. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये हे नगर वसविले ते आधी आखणी करून. चांदपोलपासून सूरजपोलपर्यंत सरळ हमरस्ता, त्यावर चौपडी, आणि दोन्ही अंगांस एकसारख्या दुकानांच्या रांगा. ठठेऱ्यांचा रस्ता म्हणजे आपली तांबटआळीच. मणिहारांच्या रस्त्यावर लाखेच्या बांगड्या, तर जौहरी बाजारात रत्नांचा व्यापार.

या नगरीशी आपला संबंध प्रथम विद्येचा होता. जयसिंहाच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित. युक्लिडचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात त्यांनीच उतरविला. परंतु जयसिंह १७४३ मध्ये वारला आणि ईश्वरीसिंह व माधोसिंह या भावांत गादीचा तंटा लागला. मग मराठे येथे आले ते खंडणीसाठी. त्रिपोलिया बाजारामागे उभा असलेला ‘ईसरलाट’ हा उंच मनोरा ईश्वरीसिंहाने आपल्या विजयाची खूण म्हणून बांधला. पण तो विजय त्यास लाभला नाही. १७४८ मध्ये बगरू येथे मल्हारराव होळकरांनी माधोसिंहाची बाजू घेऊन त्यास नमविले. कबूल केलेली रक्कम त्याच्याने पुरी होईना. डिसेंबर १७५० मध्ये मल्हाररावांची फौज पुन्हा जयपुरावर चालून येत आहे असे कळताच त्याने विष घेऊन प्राण दिला.

होळकरांच्या बळावर माधोसिंह गादीवर बसला. पाठोपाठ जयाप्पा शिंदेही येऊन पोहोचले आणि पैशाच्या मागण्या वाढल्या. जयपूरकरांच्या मनात काय शिजत होते याची छावणीत कोणास कल्पना नव्हती. १० जानेवारी १७५१ रोजी हजारो मराठे शहरात शिरले ते लढावयास नव्हे. नवे नगर पाहावे, देवदर्शन घ्यावे, चार जिनसा खरेदी कराव्या, एवढ्याचसाठी. दुपारी अकस्मात शहरचे लोक त्यांवर तुटून पडले, आणि मध्यरात्रीपर्यंत कत्तल चालली. सुमारे तीन हजार माणसे मारली गेली असे इतिहासकार सांगतात.

आपल्या इतिहासात या घटनेचा उल्लेख बहुधा ‘दगा’ म्हणून होतो, आणि तो दगा होता यात संशय नाही. निःशस्त्र पाहुण्यास मारणे कोणत्याही न्यायात बसत नाही. तथापि त्याच्या सुमारे चारच आठवडे आधी या नगरच्या राजाने आपल्या तगाद्यापायी विष घेतले, ही नोंद त्या शब्दाशेजारी ठेवल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. वसुली करणारे सरदार छावणीत सुरक्षित राहिले. बाजार पाहावयास गेलेल्या सामान्य शिपायांनी त्या वसुलीची किंमत प्राणांनी चुकती केली.

परमुलखात सरकारी कामावर असलेल्या आपणांस हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. ज्या गावचे अन्न आपण खातो, तेथे आपल्या पूर्वजांचे नाव कोणत्या खात्यावर लिहिले आहे हे जाणून असावे. परवा त्रिपोलियात पितळी समई घेताना दुकानदाराने विचारले, “आप महाराष्ट्र से हैं?” मी होय म्हणालो. त्याने हसून चहा मागविला. त्या चहाचे मोल मला ईसरलाटेकडे पाहताना अधिक वाटले.