वजन घटले, पण कशाचे?

वजनकाटा फक्त एक आकडा दाखवतो. महिनाभर आहार कमी केल्यावर तो चार किलोंनी उतरला की माणूस खूष होतो. पण ही चार किलो मेदाची, पाण्याची की हातापायांच्या स्नायूंची, हे काट्याला सांगता येत नाही. ते उत्तर शोधण्याचा इतिहास मोठा रंजक आहे आणि त्याचा एक भाग दुःखद आहे. प्रथिनांचा पाठ शिकवताना 'शरीराची बांधणी करणारे अन्न' एवढे सांगून आपण पुढे सरकतो, म्हणून तो येथे जरा सविस्तर सांगावा असे आम्हाला वाटले.

१८४२ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने असे मत मांडले, की स्नायू काम करतो तेव्हा तो स्वतःचीच प्रथिने जाळतो. हे खरे असते तर जितके कष्ट अधिक तितकी स्नायूंची झीज अधिक, असे झाले असते. लीबिगचा दरारा इतका होता, की हे मत वीसेक वर्षे प्रमाण मानले गेले.

ते तपासायला झुरिकचे दोन प्राध्यापक, फिक आणि विस्लिसेनुस, डोंगर चढले. ३० ऑगस्ट १८६५ रोजी स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न या शिखरावर ते १९५६ मीटर चढून गेले. आदल्या दिवशीच्या दुपारपासून त्यांनी प्रथिने असलेले काहीही खाल्ले नव्हते. पिठूळ स्टार्चच्या चरबीत तळलेल्या वड्या आणि साखर घातलेला चहा हा त्यांचा मुख्य आहार. आपल्याकडच्या साबुदाण्याच्या उपवासाची आठवण यावी असा, फक्त त्यात दाण्याचे कूट नव्हते! वाटेत आणि वर पोचल्यावर दोघांनी आपापली लघवी जमा केली आणि तिच्यातील नायट्रोजन मोजला.

नायट्रोजनच का? मेद आणि पिष्टमय पदार्थ यांत नायट्रोजन नसतो, प्रथिनांत तो सुमारे १६ टक्के असतो. प्रथिने मोडली की त्यांतला नायट्रोजन मुख्यतः युरियाच्या रूपाने लघवीतून बाहेर पडतो. तेव्हा सापडलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणले, की किती प्रथिने मोडली ते कळते. शरीराची ही जमाखर्चाची वहीच म्हणायची. जितका नायट्रोजन खाल्ला त्याहून जास्त बाहेर पडला, तर शरीर स्वतःच्या ऊतींतून खर्च करीत आहे असे समजावे.

पुढचा हिशोब आठवी-नववीच्या मुलांनाही करता येईल. फिकचे वजन ६६ किलो होते. ६६ गुणिले १९५६ म्हणजे १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर एवढे काम त्याने केवळ स्वतःचे शरीर वर नेण्यासाठी केले. उष्णतेच्या मापात हे सुमारे ३०० किलोकॅलरी होतात. त्याच्या शरीरात मोडलेली प्रथिने भरली सुमारे ३७ ग्रॅम, आणि त्यांतून मिळणारी ऊर्जा सुमारे १५० किलोकॅलरी. म्हणजे प्रथिनांतली सगळी ऊर्जा, थोडीही वाया न जाता, चढण्याच्या कामी आली असे मानले तरी निम्मासुद्धा डोंगर चढून होत नव्हता. प्रत्यक्षात स्नायू मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथाच हिस्सा कामात आणतो. अन्नघटकांच्या ज्वलनातून किती उष्णता मिळते ते लंडनच्या फ्रँकलंडने १८६६ साली मोजले आणि लीबिगच्या मताचा पाया ढासळला. स्नायू म्हणजे यंत्र, आणि त्याचे इंधन मुख्यतः पिष्टमय पदार्थ व मेद, असे ठरले.

पण इंधनच मिळाले नाही तर? १९१२ साली बोस्टन येथील कार्नेगी पोषण प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट याने माल्टाहून आलेल्या लेव्हान्झिन नावाच्या गृहस्थाचे निरीक्षण केले. या गृहस्थाने ३१ दिवस पाण्याखेरीज काहीही घेतले नाही. वजन सुमारे ६० किलोवरून ४७ वर आले. पहिल्या काही दिवसांत रोज बाहेर पडणारा नायट्रोजन वाढत १२ ग्रॅमच्या आसपास गेला आणि शेवटी तो सुमारे ७ ग्रॅमवर उतरला. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे ढोबळमानाने ३० ग्रॅम ओला स्नायू. आता गुणाकार करून पाहा: सुरुवातीला रोज पाव किलोहून जास्त! मेंदूला ग्लुकोज लागते, मेदापासून ते फारसे बनत नाही, म्हणून शरीर प्रथिने मोडून ते बनवते. पुढे ही झीज कमी का होते, याचा उलगडा १९६७ साली बोस्टनमध्येच ओवेन, केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. दीर्घ उपवासात मेंदू मेदापासून बनणाऱ्या कीटोन पदार्थांवर बरीचशी गुजराण करू लागतो. झीज त्यामुळे मंदावते, थांबत मात्र नाही.

दरम्यान काट्याचा अपुरेपणा वेगळ्या रीतीने उघड झाला. अमेरिकन नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेंके याने १९४२ साली फुटबॉलच्या २५ व्यावसायिक खेळाडूंना पाण्यात बुडवून त्यांचे वजन केले. युक्ती आर्किमिडीजचीच. मेद पाण्याहून हलका आणि स्नायू जड, म्हणून शरीराच्या घनतेवरून मेदाचा अंदाज येतो. उंची-वजनाच्या तक्त्यांप्रमाणे यांतील १७ जण लठ्ठ, म्हणून लष्करी सेवेला अपात्र ठरत होते. पाण्याने दाखवले, की त्यांचे जास्तीचे वजन बहुतांशी स्नायूंचे होते.

मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ॲन्सेल कीज याने ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धात हत्यार धरायला नकार देणारे हे स्वयंसेवक होते. बटाटे, सलगम, पाव असा त्यांचा आहार, आणि शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणे. वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पुन्हा पोटभर खाऊ लागल्यावर मेद झपाट्याने परतला, पूर्वीपेक्षाही जास्त झाला. स्नायू मागे राहिले.

आता दुःखद भाग. १९७०च्या सुमारास बोस्टनचे शल्यचिकित्सक जॉर्ज ब्लॅकबर्न रुग्णांचे स्नायू कसे वाचवावेत याचा विचार करीत होते. अत्यल्प आहारातही पुरेशी चांगली प्रथिने दिली, तर नायट्रोजनचा तोटा बराच भरून निघतो असे त्यांना आढळले. मग त्यांनी व ब्रूस बिस्ट्रियन यांनी लठ्ठ रुग्णांसाठी मांस, मासे यांसारखी प्रथिने, सोबत क्षार व जीवनसत्त्वे, आणि डॉक्टरची देखरेख अशी पद्धत बसवली.

बाजाराने त्यातला 'प्रथिने' हा एकच शब्द उचलला. १९७६ साली 'द लास्ट चान्स डाएट' हे पुस्तक निघाले आणि द्रवरूप प्रथिनांच्या बाटल्या दुकानांत आल्या. ही प्रथिने होती जनावरांची कातडी, हाडे आणि कंडरा यांपासून काढलेली, म्हणजे कोलॅजन. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल मुळीच नसते. ज्या विटेवाचून भिंत उभी राहत नाही तीच वीट गाडीत नव्हती! पोटॅशियमसारख्या क्षारांचीही वाण होती. लोक महिनोन्‌महिने यावरच राहिले. काटा भराभर खाली येत होता, त्यामुळे शंका येण्याचे कारणच नव्हते. १९७७ पासून अचानक मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या आणि सुमारे ६० मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी १७ मृत्यूंचा बारकाईने अभ्यास झाला. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या आणि लठ्ठपणा सोडला तर त्यांना उघड असा आजार नव्हता. हृदयाचे ठोके बिघडून त्या गेल्या होत्या. हृदय हाही स्नायूच आहे, आणि दंडाचा स्नायू मोडणारे शरीर त्याला पूर्णपणे वगळत नाही. क्षारांची उणीव, निकृष्ट प्रथिने आणि लांबलेली उपासमार यांतले नेमके कोण किती दोषी, यावर बराच वाद झाला. आमच्या मते तिघांना वेगळे काढण्यात फारसा अर्थ नाही. ती एकाच बाटलीतून आली होती.

झीज रोखणारी आणखी एक गोष्ट नंतर सिद्ध झाली, ती म्हणजे वजने उचलण्याचा व्यायाम. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या बॅलर व सहकाऱ्यांच्या प्रयोगात लठ्ठ स्त्रियांनी आठ आठवडे कमी आहार घेतला. केवळ आहार कमी करणाऱ्यांचे मेदविरहित वजनही घटले. जोडीला वजने उचलणाऱ्यांचे ते टिकले. काट्यावरचा फरक मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता. पुढे कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ साली ४० तरुणांवर चार आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. ऊर्जेत ४० टक्के कपात, आणि सर्वांना सारखाच कठोर व्यायाम. दर किलो वजनामागे रोज १.२ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांचे मेदविरहित वजन जेमतेम टिकले, २.४ ग्रॅम घेणाऱ्यांचे ते सव्वा किलोच्या आसपास वाढले आणि मेदही जास्त घटला, ४.८ किलो. आठवड्यातून सहा दिवस घाम गाळणाऱ्या तरुणांचे हे आकडे आहेत, तेव्हा ते घरातल्या आजोबांना, विशेषतः मूत्रपिंडाचा विकार असेल तर, जसेच्या तसे लावू नयेत.

२०२१ साली सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यातील १४० जणांची एक्स-किरणांच्या यंत्राने तपासणी झाली, तेव्हा घटलेल्या वजनात सुमारे ४० टक्के भाग मेदाचा नव्हता. तो सगळा स्नायूच होता असे नाही. त्यात पाणी आणि इतर अवयवांच्या ऊतीही येतात. त्यांतला स्नायू किती, हे मोजण्याचे आणि तो वाचवणारी औषधे सोबत देऊन पाहण्याचे प्रयोग आता चालू आहेत.